टाकीला देवी आल्या

शीतला सप्तमीला माळव्यात घरोघर चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशीच्या थंड पुऱ्या, दहीभात, गुलगुले, असं खातात. त्या हिशेबाने इंदूरच्या पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीतला पोहेवाला त्या सकाळी माश्या मारत बसायला हवा होता. पण त्याने ठेला ढकलत ढकलत जगदाळ्यांच्या वर्कशॉपच्या फाटकापर्यंत आणला होता आणि जिलबीची कढई दुसऱ्यांदा चढवली होती. देवीचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली मंडळी गरमागरम जिलबी हाणत होती. चूल स्वतःच्या घरची नसल्यामुळे पाप पोहेवाल्याच्या माथी जात होतं आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती.

"भिया, दर्शन हुआ क्या?"

"हुआ ना! पूरे मुँह पे दाने हैं माताजी के."

"किसके मुँह पे?"

"अरे, टंकी के!"

विनीता जगदाळे स्कूटर घेऊन आली तेव्हा तिला तिच्याच कारखान्यात शिरता येईना. भगवा गमछा घातलेला एक स्वयंसेवक आडवा आला. "मॅडमजी, लाइन से."

"हा कारखाना माझा आहे, भैया."

"माताजी के दरबार में सब बराबर हैं. लाइन से."

विनीताने स्कूटर त्याच्या पायावरून नेली नाही, एवढा संयम तिने त्या दिवशी दाखवला. पुढचं सगळं तिने बिनसंयमानेच केलं.

जगदाळ्यांच्या वर्कशॉपचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. इंदूरभरच्या शेव-नमकीनच्या कारखान्यांतून तेलाच्या काजळीने काळेठिक्कर पडलेले झारे, जाळ्या आणि ट्रे इथे येत. उकळीला आलेल्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुचकळले की लख्ख होऊन परत जात. टाकी लोखंडाची, चांगली खोलीएवढी, खड्ड्यात बसवलेली. तिचा काठ कमरेपर्यंत यायचा. लोखंडाचा गंज ट्रेला लागू नये म्हणून तिला आतून हिरवट इपॉक्सी रंग लावलेला होता. तो संक्रांतीनंतर नवा लावून घेतला होता, जयेश नावाच्या ठेकेदाराकडून.

रंगपंचमीला सगळे कामगार राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणार म्हणून टाकी रिकामी केली, धुतली. सुट्टी संपवून माणसं परत आली. जाळ्या घासणारी सखुबाई सहज काठावरून आत वाकली आणि किंचाळली.

टाकीच्या आतल्या भिंतीवर फोड उठले होते. काही मोहरीएवढे, काही बोराएवढे. टचटचीत, चकाकणारे. आणि मधोमध ते असे दाटले होते की दोन डोळे, नाक आणि ओठ दिसावेत. ओठ जरा वाकडे होते, पण श्रद्धेला तेवढं चालतं.

"माता आली!" सखुबाई म्हणाली, आणि हात जोडून खाली बसली.

जुन्या माणसांच्या तोंडी अंगभर फोड उठवणाऱ्या आजाराचं आणि शीतलादेवीचं नाव एकच: देवी, माता. त्यातून सप्तमी दुसऱ्याच दिवशी. टाकीच्या बाहेरच्या बाजूला, जोडावर, पिठासारखी पांढरी भुकटी फुटली होती. कुणीतरी ती पुसली, तर दुपारपर्यंत पुन्हा आली. झालं, भस्मही आपोआप मिळालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत, आणि रात्रीत स्नेहलतागंजापर्यंत मोबाइलवरून फोटो पोचले.

सगळ्यांत आधी धावत आला तो जयेश. एरवी ह्या माणसाला फोन लागणं म्हणजे नवल; ह्या वेळी बोलावण्याआधीच हजर. त्याने आत वाकून पाहिलं. विनीता शेजारीच उभी होती. तिने पाहिलं की त्याचा चेहरा आधी पडला, मग जरा विचारात गेला, आणि मग भक्तिभावाने भरून आला. नेमका ह्याच क्रमाने.

"दौलतरावजी," तो विनीताच्या सासऱ्यांना म्हणाला, "आपले भाग्य उघडले. रंगाला हात नका लावू. खरडू तर बिलकुल नका. माझ्या ओळखीचे एक महाराज आहेत."

महाराजांचं नाव शीतलगिरी. जटा होत्या, त्या जटांना शॅम्पूचा चांगला वास येत होता. सप्तमीच्या सकाळी त्यांनी टाकीत लोखंडी शिडी सोडायला लावली आणि लाकडी खडावा घालून खाली उतरले. जयेशने माइक आणलाच होता.

"यह टंकी नहीं है!" महाराज गरजले. "यह काया है! यह रंग नहीं फूला, रोम-रोम में माता जागी है! पूछो, क्यों जागी?"

"क्यों जागी?" काठावरची गर्दी म्हणाली.

"पूछना नहीं!"

गर्दी ओशाळून गप्प झाली.

महाराजांच्या हातात चांदीची लांब काडी होती. माणसाचं बोट देवीला चालत नाही, असं ते म्हणाले. काडीने त्यांनी एक फोड टचकन फोडला. पाण्याची धार ओघळली. तिच्यावर त्यांनी चिमूटभर हळद टाकली, आणि बघता बघता पिवळी हळद लालभडक झाली. भिंतीवरून रक्त ओघळावं तशी.

एक बाई रडायला लागली. कुणीतरी शंख फुंकला.

"माता क्रोध में है," महाराज म्हणाले. "किसी ने अपमान किया है." त्यांची नजर उगाच विनीतावर येऊन थांबली. "शांति कैसे होगी?"

शांती लिंबाने होणार होती. जयेशचा चुलतभाऊ फाटकाशीच मंत्रवलेल्या लिंबांची टोपली घेऊन बसला होता. महाराजांनी लिंबू पिळलं आणि लाल ओघळ पुन्हा पिवळा पडला. "शांत!" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. वर आल्यावर एका वाडग्यातल्या लिंबाच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून बसले.

विनीताचं शिक्षण कॉमर्सचं. रसायनशास्त्र तिने दहावीत सोडलं होतं आणि रसायनशास्त्रानेही तिला फारसं अडवलं नव्हतं. पण नवरा भूषण पीथमपूरला नोकरीला असल्यामुळे वर्कशॉप तीच चालवायची, आणि तिला एवढं कळत होतं की ज्याला देवी इतकी जवळची आहे तो तिला बोट लावायला घाबरतो कशाला? शिवाय, देवी आली ती नेमकी जयेशने रंगवलेल्या भिंतीवरच कशी? छतावर नाही, बॉयलरवर नाही.

तिने ऑफिसात दौलतरावांना गाठलं. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घोडी गेली, दळही गेलं. आबांकडे मिशा आणि आवाज एवढं उरलं होतं.

"आबा, महाराज म्हणून राहिले की पुढच्या सप्तमीपर्यंत टाकी पेटवायची नाही. एक साल! नवरात्र तोंडावर आलं, सगळे नमकीनवाले फोन करून राहिलेत. आपले कामगार काय साल भर लिंबू पिळणार?"

"करतील काही. देवी बघून घेईल."

"देवी ट्रे घासणार आहे का?"

"विनीता!" आबांनी टेबलावर हात आपटला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू माझा चेहरा पाहिला आहेस न?"

तिने रोजच पाहिला होता. गालांवर, कपाळावर देवीचे व्रण होते. बारीक, खोल.

"मी लहान होतो. मला आल्या आणि तारालाही आल्या. माझी धाकटी बहीण. एकाच खोलीत निजवलं होतं दोघांना, कडुनिंबाच्या पाल्यावर. मी उठलो. ती नाही उठली. तेव्हापासून मी विचार करतो बेटा, मलाच का सोडलं? आज देवी माझ्या दारात आली आहे. मी तिला खरडून काढू?"

महाराजांची चेष्टा करणं सोपं होतं. ह्या माणसाची नव्हतं.

तिने टाकीचा विषय तिथेच सोडला, आणि त्याचा परिणाम सप्तमीच्या दुपारी झाला.

आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनला ते घाबरत. घोडदळातल्या पूर्वजांची नावं घेत आणि तारीख पुढे ढकलत. महाराजांनी त्या दुपारी 'नेत्रतीर्थ' काढलं. बाकीच्या लोकांसाठी कलशभर पाण्यात फोडातलं थोडंसं पाणी. पण आबा यजमान! मान मोठा! त्यांना खुर्चीवर बसवून खास, थेट देवीच्या अंगावरचं, चांदीच्या काडीने एक थेंब उजव्या डोळ्यात.

आबांचा आवाज विनीताने आयुष्यात पुष्कळ ऐकला होता. असा कधीच ऐकला नव्हता.

ती ऑफिसातून धावत आली. आबा डोळा दाबून जमिनीवर वाकले होते आणि माइकवरून महाराज सांगत होते, "पाप जल रहा है! जलने दो!" विनीताने सासऱ्यांना काखेत धरलं, फरफटत वॉशिंगच्या नळाखाली नेलं आणि पूर्ण नळ सोडला.

"मॅडमजी, तीर्थ धुल जाएगा!" गमछेवाला म्हणाला.

"तू हट, नाहीतर तुलाही धुते!"

टाकीवर काम करणाऱ्यांसाठी भिंतीवर तिनेच पाटी लावली होती: कॉस्टिक उडालं तर आधी पाणी, भरपूर पाणी, बाकी सगळं नंतर. तिने तेच केलं. आबा हात झटकत होते, शिव्या देत होते, पण तिने त्यांची पापणी ओढून धरली आणि गाडी येईपर्यंत नळ बंद होऊ दिला नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?"

"तीर्थ," आबा म्हणाले.

बाईंनी कागदाची एक बारीक पट्टी त्यांच्या पापणीच्या आत टेकवली. पट्टी गडद निळी झाली. "इतक्या धुण्यानंतरही हे? काका, हा तीव्र क्षार आहे. कुठल्या देवळात देतात?" मग विनीताकडे वळून म्हणाल्या, "आधी पाणी मारलंत म्हणून डोळा शाबूत आहे. घरी थेंब घालत बसला असतात तर बुबुळ गेलं असतं."

संध्याकाळी जयेशचा निरोप आला. महाराज म्हणतात, आग झाली म्हणजे पाप मोठं होतं. आता डोळा स्वच्छ होईल. आबांच्या डोळ्यावर पट्टी होती. निरोप ऐकून त्यांनी जयेशला शिवी दिली नाही, आणि विनीताला त्याचीच भीती वाटली.

आबांना घेऊन राजेंद्र नगरच्या घरी आल्यावर तिने आबांचा सदरा धुवायला घेतला. पूजेची हळद पुढे सगळी सांडली होती. पिवळाजर्द डाग. तिने त्याच्यावर कपड्याचा साबण घासला.

डाग लाल झाला.

विनीता बघतच राहिली. हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. लग्नातल्या साड्या, मुलीचे फ्रॉक, स्वयंपाकातले पदर, हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो. प्रत्येक बाईला हे माहीत असतं. तिलाही माहीत होतं. सकाळी टाकीच्या काठावर उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मग कुणालाच आठवलं कसं नाही? तिने आत जाऊन लिंबू आणलं, डागावर पिळलं. डाग पिवळा. पुन्हा साबण. लाल. पुन्हा लिंबू. तिची सहा वर्षांची मुलगी खुशी मोरीच्या दारात येऊन म्हणाली, "मम्मा, मला पण करू दे." मायलेकींनी देवीला तीनदा कोपवली आणि तीनदा शांत केली.

मग विनीताने वसुधाला फोन लावला.

वसुधा गद्रे पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेली, त्यांच्याच गल्लीत राहायची. मोठमोठ्या टाक्या आणि पाइप यांचे रंग तपासणं हे तिचं काम. तू नक्की काय करतेस असं कुणी विचारलं की ती म्हणे, "रंग वाळताना बघते. पगार मिळतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, गर्दी जमण्याआधी, दोघी वर्कशॉपात गेल्या. वसुधाने गमबूट, हातमोजे, चष्मा चढवला आणि शिडीवरून खाली उतरली. एका फोडाशी डॉक्टरीणबाईंसारखीच पट्टी लावली. गडद निळी. मग चाकूच्या टोकाने रंग उचलला. तो सालीसारखा निघाला, मऊ, चिकट, ओल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

"तुमच्या ठेकेदाराने डबे किती आणले होते?" तिने खालून विचारलं.

"म्हणजे?"

"चांगला इपॉक्सी दोन डब्यांत येतो. एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही मिसळलं की दगडासारखं होतं. हा एका डब्यातला आहे. ह्याच्या नावातही इपॉक्सी असतं, पण आत वनस्पती तेलाचा अंश असतो. दाराला, खिडकीला उत्तम. आता मला सांग, ही टाकी कशासाठी आहे?"

"ट्रेवरचं जळकं तेल काढायला."

"कसं काढते?"

"कॉस्टिक गरम केलं की तेलाचा साबण होतो आणि निघून…" विनीता बोलता बोलता थांबली.

"बरोबर. ह्या टाकीचं कामच तेलाचा साबण करणं. तिने रंगातल्या तेलाचाही केला. तिने काही भेदभाव केला नाही."

"आणि हे फोड?"

"रंग लावण्याआधी लोखंड घासून, धुऊन कोरडं करायचं असतं. ह्याने गंज आणि जुने क्षार खाली तसेच ठेवून वरून रंग फासला. गरम पाणी रंगातून हळूहळू आत झिरपतं. खालचे क्षार ते ओढून घेतात. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात न, तसं. नीट लावलेला दोन डब्यांचा रंगही इतक्या उष्णतेत, इतक्या क्षारात जन्मभर टिकत नसतो, मऊ पडतो, पाणी घ्यायला लागतो. म्हणून तो अधूनमधून तपासायचा असतो. पण हा बिचारा दोन महिन्यांत गेला." तिने टॉर्च त्या चेहऱ्यावर फिरवला. "जिथे ब्रश नीट फिरला तिथे फोड कमी. जिथे कंटाळा केला तिथे दाट. हा देवीचा चेहरा नाही, विनीता. हा जयेशच्या आळसाचा नकाशा आहे."

विनीता इतक्या मोठ्याने हसली की कबुतरं उडाली. पण वसुधा बाहेर येऊन त्या जोडावरच्या पांढऱ्या भुकटीशी वाकली, तेव्हा ती हसत नव्हती.

"हे भस्म रोज येतं?"

"पुसलं की पुन्हा."

"जोडाला चीर आहे. टाकी रिकामी केली तरी चिरेत साचलेलं कॉस्टिक बाहेर झिरपतं, हवेत सुकतं आणि हा सोडा मागे राहतो. ही टाकी भरून तापवली असती आणि चीर उघडली असती तर…" तिने शेजारी पाहिलं. तिथे जाळ्या घासायची मोरी होती. सखुबाईची रोजची जागा.

विनीता मोरीच्या कट्ट्यावर बसली. हे भस्म काही लोक पुडीत बांधून घरी घेऊन गेले होते. मुलांच्या जिभेला लावायला.

दिवस वर आला आणि गर्दी कालच्यापेक्षा मोठी जमली. यजमानाचं पाप जळाल्याची बातमी पसरली होती, आणि दुसऱ्याचं पाप जळताना बघायला कोणाला आवडत नाही? महाराज माइकवर आले. ते 'माता' म्हणेपर्यंत विनीताने माइक काढून घेतला.

"महाराजजी, एक मिनिट. मी पण थोडी पूजा करते."

तिने स्टीलची थाळी सगळ्यांना दिसेल अशी धरली. तिच्यावर कपडे धुण्याची ओली वडी होती. वडीवर हळद टाकली. हळद लाल झाली. गर्दीतून 'हाऽऽ' असा आवाज उठला. मग तिने महाराजांच्याच टोपलीतलं लिंबू उचललं आणि पिळलं. पिवळी.

"बहनजी लोग," तिने पुढच्या ओळीतल्या बायकांना विचारलं, "हल्दी का दाग साबुन से धोते हो तो क्या होता है?"

"लाल हो जाता है," एक बाई सहज म्हणाली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

दुसरी म्हणाली, "हौ, म्हारे यहाँ तो रोज होवे."

"मतलब माताजी रोज मोरी में आती है?" तिसरी म्हणाली, आणि पुढची सगळी ओळ फस्सकन हसली. महाराजांना एवढ्या वर्षांत लोकांचे प्रश्न, शंका, शिव्याही मिळाल्या असतील. बायकांचं हसू त्यांना नवीन असावं. त्यांचा आवाज चिरकला.

"साबुन अलग है! माता अलग है! साबुन दुकान में मिलता है!"

"महाराज, उसका क्या है ना," वसुधा पुणेरी हिंदीत म्हणाली, "आपकी माता भी दुकान में ही मिलती है. डिब्बे में." तिने सकाळी खरडलेली रंगाची साल पाण्याच्या बाटलीत टाकली, वर कोमट पाणी ओतलं, झाकण लावलं आणि बाटली खदखदा हलवली. मग वर धरली.

बाटली फेसाने भरली होती. पांढऱ्या, दाट, साबणाच्या फेसाने.

पोहेवाल्याने झारा कढईवर तसाच धरून ठेवला. विनीताने साध्या शब्दांत सगळं सांगितलं: तेलाचा रंग, गरम कॉस्टिक, साबण. खाली फोडात साठलेलं कॉस्टिकचं पाणी. लिंबू आंबट असतं म्हणून ते क्षार मारतं. महाराज हात त्यातच बुडवून बसतात ते ह्यासाठी. खडावा आणि चांदीची काडी ह्यासाठी. "ह्यांना सगळं माहीत आहे. आणि जे माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यात टाकलं, तेही माहीत होतं. महाराजजी, आता तुमची पाळी. ही काडी घ्या. एक थेंब. तुमच्या डोळ्यात."

महाराजांनी काडीकडे पाहिलं. "मैं योगी हूँ, मेरे नेत्र पहले से शुद्ध हैं."

"मग जयेशभैयांच्या?"

जयेश तेवढ्यात फाटकाकडे सरकायला लागला होता. पण फाटकात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून आबा उतरले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, मिशा खाली आलेल्या. गर्दीने त्यांना वाट दिली. आबा काय बोलतील हे विनीताला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी ती बाटली हातात घेतली. उरलेल्या डोळ्याजवळ नेऊन फेस पाहिला. मग माइक घेतला. ते हिंदीत बोलायला लागले, पण मधेच मराठीत घसरले आणि मराठीतच राहिले, आणि कोणाला समजायचं राहिलं नाही.

"माझ्या बहिणीला देवी आल्या तेव्हा आमच्या घरात लिंबं होती. कडुनिंब होता. आई चूल पेटवत नव्हती. नवस सगळे झाले. तारा गेली. मग सरकारी माणसं सुया घेऊन आली, घरोघर, आणि लोकांनी त्यांना दगड मारले. माझ्या बापाने पण मारला. तरी ती माणसं आली. पुन्हा पुन्हा आली." त्यांनी आपल्या गालावर बोट ठेवलं. "माझ्या मुलाच्या तोंडावर हे नाही. नातीच्या नाही. तुमच्या कोणाच्या पोरांच्या तोंडावर नाही. देवी लिंबाने नाही गेली. लसीने गेली. मी काल इतका मोठा म्हातारा, ही गोष्ट विसरलो."

मग ते महाराजांकडे वळले. "तुम्ही माझ्या डोळ्यात कॉस्टिक टाकलं ते मी एक वेळ माफ केलं असतं. पण जिने माझी तारा नेली त्या देवीच्या नावावर टाकलं. चला आता ठाण्यात."

महाराजांच्या अंगात एवढी चपळाई असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण खडावा घालून पळता येत नाही. पुढच्या ओळीतल्या बायकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत मधे बसवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडून एकेका लिंबाचा हिशेब मागितला. जयेशने कबूल केलं की दोन डब्यांचा सांगून एका डब्याचा लावला. फोड पाहून घाबरलो, म्हटलं देवीच्या अंगाला कोण हात लावणार. तेवढं एक त्याने खरं सांगितलं.

ज्यांनी भुकटीच्या पुड्या नेल्या होत्या त्यांच्याकडे विनीता, वसुधा आणि सखुबाई घरोघर जाऊन आल्या. बहुतेकांनी पुड्या दिल्या. दोघातिघांनी दारच उघडलं नाही. एका आजीने पुडी दिली, पण पाया पडून दिली. चालायचंच. टाकीचा जोड कापून नवा घातला, रंग सगळा खरडून काढला. त्या उष्णतेला आतून रंग नकोच, स्टेनलेसचं अस्तर बसवा, असं वसुधाने सांगितलं. आबांच्या डोळ्याला चांगलं दिसायला अजून वेळ आहे, पण त्यांनी ऑपरेशनची तारीख घेतली आहे आणि ह्या वेळी पूर्वजांपैकी कोणाचंही नाव काढलेलं नाही.

सखुबाई मात्र काही दिवस घुश्शात होती. जाळी घासता घासता एकदा म्हणाली, "सगळे मला हसून राहिले. देवी नव्हती तर मी काय पाहिलं, वहिनी?"

"तू बरोबर पाहिलंस," विनीता म्हणाली. "भिंतीत काहीतरी बिघडलंय हे आमच्या कोणाच्याही आधी तुलाच दिसलं. ओरडलीस तेही बरं केलंस. फक्त ओरडल्यावर आपण सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. उघडे ठेवायला पाहिजे होते."

एवढंच सांगायचं आहे. नवल दिसलं तर जरूर थांबा, जरूर बघा, चार जणांना बोलवा. पण डोळ्याचं दुखणं डॉक्टरला दाखवा, रंगाचं रंगवाल्याला विचारा, आणि जो विचारू नका म्हणतो त्याला सगळ्यांत आधी विचारा. देवीला देवळात सुखाने राहू द्या. आपल्या गळक्या टाक्यांची जबाबदारी तिच्यावर टाकू नका.